'सेल बोगस निघाला' म्हणण्याआधी

पावसाळा लागला की नागभीड, तळोधी, सिंदेवाही या पट्ट्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "सेल बोगस निघाला." शाळेच्या घंटेचा टायमर, ग्रामपंचायतीच्या दिव्यांची वेळ सांभाळणारा बोर्ड, मोटारीचं घड्याळ, पोरांनी प्रकल्प म्हणून केलेलं जमिनीचा ओलावा मोजणारं यंत्र. प्रत्येकात एक मायक्रोकंट्रोलर आणि एक सेल. सेल दोन वर्षं टिकेल असं ठरवलेलं असतं आणि तो दोन महिन्यांत उतरतो. निकाल लगेच लागतो: सेल डुप्लिकेट, दुकानदार चोर. नवा सेल येतो, तोही तसाच जातो. मग कंपनी बदलली जाते. सेलवर सेल बदलणाऱ्या माणसाला एकदाही करंट मोजून पाहावासा वाटत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

राग येण्याचं कारण पैसा नाही, बटण सेल स्वस्तच असतो. पण आपल्याकडे बरीचशी यंत्रं अशा ठिकाणी बसवलेली असतात की सेल बदलायला जाणं हेच मोठं काम असतं. ब्रह्मपुरी वनविभागातल्या कुठल्याही वनरक्षकाला विचारा. व्याघ्रगणनेच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये सेल बदलण्यासाठी ज्या वाटेने जायचं, त्याच वाटेने वाघही जातो. देशभरात २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि ते सगळे बॅटरीवर चालले. तयार कॅमेऱ्याच्या आतलं सर्किट आपल्या हातात नसतं. पण गावात, वर्कशॉपमध्ये, कॉलेजात आपण स्वतः जुळवलेला बोर्ड तर आपल्या हातात असतो ना?

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे: मायक्रोकंट्रोलर स्लीप मोडमध्ये टाकला की वीज खाणं थांबलं. ही समजूत डेटाशीटच्या पहिल्या पानावरून येते. एटीमेगा ३२८पी ही आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी चिप. तिच्या डेटाशीटवर पॉवर-डाउनमधला करंट ०.१ मायक्रोॲम्पिअर असा छापलेला आहे. सीआर२०३२ या बटण सेलची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पिअर-तास. भागाकार केला तर उत्तर येतं अडीचशे वर्षं. हे उत्तर हास्यास्पद आहे हे कुणालाही कळावं, कारण सेल काही न करता कपाटात पडून राहिला तरी दरवर्षी सुमारे एक टक्का उतरतोच. पण भागाकार करून खूश झालेला माणूस तिथेच थांबतो. तो ०.१ चा आकडा १.८ व्होल्ट आणि २५ अंश तापमानाचा आहे, हे त्याच ओळीत लिहिलेलं असतं. त्याच डेटाशीटमध्ये पुढे सांगितलं आहे की ३ व्होल्टवर, झोपेतून उठवणारा वॉचडॉग चालू ठेवला, तर करंट सुमारे ४ मायक्रोॲम्पिअर होतो आणि ८ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे चाळीसपट, अजून बोर्डावर दुसरं काहीही लावलेलं नसताना.

आणि चिप एकटी कधीच नसते. मामा तलावाचं गेट घट्ट बंद करून पाळीतली खेकड्यांची बिळं तशीच सोडून द्यावीत, तसा हा प्रकार. बिळं कुठे असतात ते पाहू.

पहिलं आणि सर्वांत मोठं बीळ म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. स्वस्त बोर्डांवर एएमएस१११७ सर्रास असतो. समोर काहीही लोड नसताना तो स्वतःसाठी ५ मिलिॲम्पिअरच्या आसपास खातो. चिपच्या झोपेपेक्षा हजारपट. ईएसपी३२ ची डेटाशीट डीप स्लीपला १० मायक्रोॲम्पिअर सांगते ते खरंच आहे, पण ते नुसत्या चिपचं. डेव्हलपमेंट बोर्डवर रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि लाल एलईडी हे तिघं जागेच असतात, आणि एकटा तो एलईडीच एक-दोन मिलिॲम्पिअर घेतो. २ मिलिॲम्पिअरने सीआर२०३२ पाच दिवसही टिकत नाही. एलईडी काढून टाका. तो कुणासाठी पेटलाय? बंद डब्यात कोण पाहतंय? रेग्युलेटर लागणारच असेल तर एमसीपी१७०० सारखा घ्या, तो दीड-दोन मायक्रोॲम्पिअरमध्ये भागवतो.

दुसरं बीळ म्हणजे रेझिस्टर, आणि त्यावर कुणाचाच संशय जात नाही. बॅटरीचं व्होल्टेज मोजण्यासाठी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर सरळ बॅटरीवर जोडलेले असतात. लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवर त्यातून रात्रंदिवस १८५ मायक्रोॲम्पिअर वाहतात. दाराच्या स्विचला १० किलोओहमचा पुल-अप लावला आणि दार मिटलेलं असताना तो स्विच जोडलेला राहत असेल, तर ३ व्होल्टवर ३०० मायक्रोॲम्पिअर. बटण सेल बरोबर एका महिन्यात संपतो. महिन्याभरात सेल संपल्याची तक्रार आली की मी आधी स्विचच्या जागेकडे पाहतो. किलोओहमच्या ऐवजी मेगओहम वापरा, किंवा बॅटरी मोजणारी ती रेझिस्टरची जोडी मोजायच्या क्षणापुरतीच ट्रान्झिस्टरने जोडा.

तिसरं बीळ चिपच्या आत आहे, पण ते उघडं आपण ठेवतो. कोणताही सिग्नल न जोडता मोकळी सोडलेली इनपुट पिन ना हाय राहते ना लो, मधेच तरंगते. तेव्हा आतले वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात आणि करंट सरळ आरपार जातो. इनपुट पिन तरंगती ठेवली तर इनपुट बफर जास्त वीज खाईल, असं खुद्द एटीमेगाची डेटाशीट स्पष्ट सांगते. झोपण्याआधी प्रत्येक मोकळ्या पिनला पुल-अप द्या किंवा ती आउटपुट करा. एडीसी झोपेतही चालूच राहतो, तो कोडमधून बंद करावा लागतो. ब्राउन-आउट डिटेक्टरचंही तेच.

चौथ्या बिळाने मात्र भल्याभल्यांना चकवलं आहे. लाईन गेली, बोर्डाचा मोठा भाग बंद पडला, फक्त मायक्रोकंट्रोलर बॅकअप सेलवर चालू राहिला. सगळं ठरल्याप्रमाणे. पण मायक्रोकंट्रोलरची एक पिन हाय आहे आणि ती बंद पडलेल्या दुसऱ्या चिपला जोडलेली आहे. त्या चिपच्या पिनेवर संरक्षणासाठी आतच डायोड असतो. त्यातून करंट उलटा शिरतो, तिच्या सप्लायपर्यंत पोचतो आणि बंद केलेली चिप अर्धी जागी राहते. सेल बिचारा अख्ख्या बोर्डाला पोसायला बघतो. सेन्सरचा सप्लाय कापलात तर त्याच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक सिग्नल पिनलाही लो करा. नुसता सप्लाय कापणं म्हणजे बंद करणं नव्हे.

आता घड्याळाबद्दल, कारण शाळांच्या घंटा आणि रस्त्याच्या दिव्यांचे टायमर त्यावरच चालतात. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप सेलवर असताना साधारण १ मायक्रोॲम्पिअर घेते, डेटाशीटप्रमाणे कमाल ३. कमाल धरली तरी सीआर२०३२ आठ वर्षं पुरायला हवा. तरी तो वर्षात मरतो आणि कधी कधी फुगलेला निघतो. याचं कारण बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या निळ्या मॉड्यूलवर आहे. त्यावर एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. तो चार्जिंगचा रस्ता आहे आणि चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी दिलेला आहे. आपण त्यात साधा सीआर२०३२ घालतो आणि ५ व्होल्ट देतो. मग चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये दिवसभर काही मिलिॲम्पिअर ढकलले जातात. "लाईन असताना सेल चार्ज होतो, चांगलंच आहे की" असं म्हणणारे भेटतात. चांगलं नाही, धोक्याचं आहे. सीआर प्रकारचा सेल चार्ज करू नये, हे प्रत्येक उत्पादक लिहितो. तो डायोड किंवा तो रेझिस्टर उपटून टाका, मगच सेल बसवा.

ऊन आणि पावसाचा भाग आपल्या मुलखात फार महत्त्वाचा. सेमीकंडक्टरची उलटी गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, हा पाठ्यपुस्तकातला ठोकताळा. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो आणि उन्हातला पत्र्याचा डबा त्याहून कितीतरी तापतो. २५ अंशांवर मोजलेली गळती ६५ अंशांवर सोळापट. १एन५८१९ सारखे शॉट्की डायोड लोक कमी व्होल्टेज ड्रॉपसाठी लावतात. त्यांची उलटी गळती डेटाशीटमध्ये ४० व्होल्टवर, २५ अंशांना, १ मिलिॲम्पिअरपर्यंत दिली आहे. ३ व्होल्टवर ती बरीच कमी भरते, पण तापलेल्या डब्यात पुन्हा चढते. जिथे मायक्रोॲम्पिअर मोजायचे तिथे असा डायोड नकोच. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही गळतात. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या साध्या कपॅसिटरला उत्पादक १६० मायक्रोॲम्पिअरपर्यंत गळतीची मुभा ठेवतात. कपॅसिटरची गळती झोपलेल्या चिपच्या करंटला मागे टाकू शकते, हे एम्बेडेड क्षेत्रातले अमेरिकी लेखक जॅक गॅन्सल यांनीही लिहिलं आहे.

जुलैत मात्र गुन्हेगार बदलतो. सोल्डर करताना लावलेली पेस्ट तशीच बोर्डावर राहते, तिच्यावर धूळ बसते, हवेतला ओलावा ती शोषून घेते आणि दोन ट्रॅकच्या मधे न दिसणारा रेझिस्टर तयार होतो. १ मेगओहमचा असला तरी ३ व्होल्टवर ३ मायक्रोॲम्पिअर गेले. घड्याळाच्या क्रिस्टलजवळ हीच घाण असेल तर घड्याळ मागेही पडतं. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा, पूर्ण वाळू द्या, मग त्यावर कोटिंग मारा. थिनर वापरू नका, तो प्लास्टिक खातो.

मोजायचं कसं? इथेही एक गैरसमज वाट अडवतो: मल्टिमीटर करंटच्या रेंजवर लावला की काम झालं. साध्या पिवळ्या मीटरमध्ये २०० मायक्रोॲम्पिअरच्या रेंजला आतमध्ये १ किलोओहम असतो. चिप जागी होऊन १० मिलिॲम्पिअर मागते, तेवढ्यात त्या रेझिस्टरवरच सगळं व्होल्टेज पडतं, चिप रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा पडते आणि झोपेपर्यंत पोचतच नाही. मग मीटर भलताच आकडा दाखवतो आणि माणूस तो खरा मानतो. त्यापेक्षा सेलच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याला समांतर एक स्विच. स्विच जोडलेला ठेवून सर्किट चालू करा, चिप झोपली की स्विच उघडा आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर वाचा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोॲम्पिअर. चिप उठायच्या आधी स्विच पुन्हा जोडा.

आकडा जास्त आला तर बोर्डावरचे भाग एकेक करून काढा आणि दर वेळी पुन्हा वाचा. ज्या भागानंतर आकडा कोसळला, तो चोर. सगळं काढूनही थोडी गळती उरली तर हेअर ड्रायरची गरम हवा एकेका भागावर द्या. आकडा झरझर चढला तर तिथला डायोड, ट्रान्झिस्टर किंवा चिप. मग बोर्डावर तोंडाची ओलसर वाफ सोडा. आकडा उसळून हळूहळू खाली आला तर घाण आहे, धुवायला घ्या.

बाकीच्या समजुतींना एवढी जागा द्यायची गरज नाही. मीटरवर ३ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला, असं नाही: लिथियम बटण सेलचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं आणि संपत आलेला सेल लोड पडताच कोसळतो. मोठा सेल लावल्याने गळती थांबत नाही, फक्त फेरी पुढे ढकलली जाते. फ्रिजमध्ये सेल ठेवून आयुष्य वाढवण्याच्या नादात बाहेर काढल्यावर त्याला दव सुटतं, आणि ते दवही गळतीच करतं.

आणि लीकेज म्हणजे शॉक, ही भीतीही इथे नको. नागभीड परिसरात ती का आहे, हे मला समजतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जय नावाच्या प्रसिद्ध वाघाचा वंशज श्रीनिवास, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, याच भागात शेतात सोडलेल्या विजेने मेला. ती वेगळी वीज आणि तो वेगळा धोका. घरातला आरसीसीबी, म्हणजे गळती होताच लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिॲम्पिअर गळतीला पडतो. आपण जिच्या मागे लागलो आहोत ती ३ मायक्रोॲम्पिअरची गळती त्याचा दहा हजारावा भाग आहे.

बोगस सेल बाजारात नसतातच, असं मी म्हणत नाही. असतात. पण ते ठरवायला आधी तुमच्या सर्किटचा मोजलेला आकडा लागतो. झोपेत ५ मायक्रोॲम्पिअर भरले, दिवसातून चार वेळा क्षणभर जाग येते, बोर्ड धुतलेला आहे, डब्यात उन्हाचा कडाका नाही, हिशेब वर्षांचा येतो आणि तरी सेल तीन महिन्यांत मेला, तर तो सेल खोटा. मग तो आकडा कागदावर लिहून दुकानात घेऊन जा.