‘वेल’मध्ये दडलेला नकार

इंग्रजी संभाषणाच्या शिकवणीत एक तंबी हमखास मिळते: ‘अ’, ‘अम्’, ‘वेल’, ‘यू नो’ असलं काही तोंडातून येता कामा नये, त्याने माणूस कच्चा वाटतो. भाषणाचा सराव करणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबांच्या सभांमध्ये तर असे उच्चार मोजायला एक सभासदच नेमलेला असतो. व्यासपीठावरच्या भाषणापुरतं ते ठीक आहे. पण हाच नियम रोजच्या बोलण्याला लावला, तर बोलणाऱ्याचं नुकसान होतं आणि ऐकणाऱ्याचं त्याहून जास्त.

सगळ्यात महागात पडतो तो ‘वेल’ म्हणजे नुसती भर, हा समज. समजा, पुण्यातल्या टीमने लंडनच्या क्लायंटला कॉलवर विचारलं, ‘शुक्रवारपर्यंत मंजुरी मिळेल ना?’ तिकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, ‘वेल... आय मीन, वी कॅन ट्राय.’ इकडे टिपणात नोंद होते: प्रयत्न करणार आहेत. इंग्रजीतच वाढलेल्या माणसाने मात्र शुक्रवारची आशा ‘वेल’पाशीच सोडलेली असते. इंग्रजीत होकार बहुतेक वेळा चटकन आणि सरळ येतो. नकार द्यायचा असेल, उत्तर अर्धंच असेल किंवा विचारणाऱ्याचं गृहीतकच पटलेलं नसेल, तर आधी जरा थबकायचं आणि ‘वेल’ म्हणायचं, अशी तिथली रीत आहे. ही थबक अगदी बारीक असते. दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे ०.२ सेकंद जातात, आणि होकारार्थी उत्तर नकारार्थी उत्तरापेक्षा लवकर येतं, असं त्यात दिसलं. त्यामुळे पाऊण सेकंदाची शांतताही कानाला खटकते.

‘अ’ आणि ‘अम्’ म्हणजे एकच अडखळणं, असंही मानलं जातं. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ मध्ये ध्वनिमुद्रित इंग्रजी संभाषणं तपासून दाखवलं, की ‘अ’नंतरचा थांबा सहसा छोटा असतो आणि ‘अम्’नंतरचा मोठा. बोलणारा ही खूण मुद्दाम करतो का, यावर अभ्यासकांत वाद आहे. ऐकणाऱ्याला तिचा उपयोग होतो, याचा पुरावा मात्र चांगला भक्कम आहे. पडद्यावर काही चित्रं दाखवून सूचना देताना मध्येच ‘अ’ आला, की ऐकणाऱ्याची नजर आधी उल्लेख न झालेल्या वस्तूकडे वळते, कारण आता काहीतरी नवं येणार हे त्याने ताडलेलं असतं. दोन वर्षं ओलांडलेली मुलंसुद्धा ‘अ’ ऐकून अनोळखी वस्तूकडे पाहतात, असं २०११ मधल्या एका प्रयोगात आढळलं. ज्या उच्चारावरून एवढीशी पोरं पुढचा अंदाज बांधतात, त्याला कचरा कसं म्हणायचं?

‘लाइक’ची बदनामी तर फारच झाली आहे. हे अमेरिकन तरुणींनी लावलेलं खूळ आहे, असं इंग्रजी मुलखातही सर्रास बोललं जातं. भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा डार्सी यांच्या संशोधनाने ते खोडून काढलं आहे. वाक्यात मध्येच येणारा ‘लाइक’ एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या माणसांच्या बोलण्यातही सापडतो. शिवाय तो एकच एक शब्द नाही. ‘लाइक टेन मिनिट्स’मध्ये तो ‘सुमारे’ असतो. ‘शी वॉज लाइक’मध्ये तो दुसऱ्याचं बोलणं किंवा मनातली प्रतिक्रिया समोर आणतो, आणि हा वापर खरोखरच अलीकडचा आहे.

परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांना एक धास्ती असते: अडखळलो की गुण गेले. त्या परीक्षेचे निकष असं म्हणत नाहीत. सर्वोच्च, म्हणजे ९ बँडच्या वर्णनातही थबकायला जागा आहे. फक्त ते थबकणं काय बोलावं याच्या विचारासाठी असावं, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नव्हे. आणि संभाषण जोडून ठेवणारे शब्द नेमकेपणाने वापरता येणं, हे तिथे ओघवत्या, सुसंगत बोलण्याचंच लक्षण मानलं जातं.