रीलमध्ये दहा मिनिटांत सोनेरी होणारा कांदा घरी पाऊण तास का घेतो? क्रिमी ओनियन पास्त्याचं खरं गणित

रील साधारण अशी असते. कढईत बटर पडतं, त्यावर चिरलेल्या कांद्याचा ढीग पडतो, स्क्रीनवर अक्षरं येतात 'दहा मिनिटं परता', आणि पुढच्याच शॉटमध्ये तो ढीग मधाच्या रंगाचा, चकचकीत आणि मूठभर झालेला असतो. वरून क्रीम, पास्ता, चीज. संपला विषय.

मग रविवारी कुणीतरी हे घरी करायला घेतं. दहाव्या मिनिटाला कांदा पांढराच असतो. विसाव्या मिनिटाला जरासा पिवळट. घरातले भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात दोनदा डोकावून गेलेले असतात, त्यामुळे गॅस मोठा होतो आणि पाच मिनिटांत कडा काळ्या, मधला भाग कच्चा. पास्ता कडू लागतो आणि 'ते इटालियन वगैरे आपल्याला जमत नाही' असा निकाल लागतो.

यात करणाऱ्याचा दोष नसतो. त्याला वेळच खोटी सांगितलेली असते. आणि हे खोटं रील्सच्या आधीपासूनचं आहे.

२०१२ साली टॉम स्कोका या अमेरिकन पत्रकाराने 'स्लेट'मध्ये एक लेख लिहिला. पाककृती लिहिणारे लोक कांद्याच्या बाबतीत सरळसरळ थापा मारतात, असं त्याचं म्हणणं होतं. उदाहरण म्हणून त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'ची एक पाककृती घेतली. त्यात कांदा गडद तपकिरी व्हायला पाच मिनिटं, आणि पुढे तेल घालून आणखी पाच, असं लिहिलेलं होतं. स्कोकाने स्वतः करून पाहिलं. आच शक्य तेवढी मोठी ठेवून, एक क्षणही हात न थांबवता ढवळलं तर २८ मिनिटं लागली. शहाण्या माणसासारखं केलं तर ४५. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांनी मात्र कांद्याच्या सूपसाठी खरी वेळ दिली होती, हेही त्याने दाखवून दिलं. ती बेरीज ३५ ते ४० मिनिटांची होते.

खरी गंमत पुढे आहे. २०१७ मध्ये कांदा कॅरमलाइज व्हायला किती वेळ लागतो असं गूगलला विचारलं, की सगळ्यात वर चौकटीत उत्तर यायचं, साधारण पाच मिनिटं. ते उत्तर उचललं होतं स्कोकाच्याच लेखातून! जे वाक्य त्याने खोडून काढायला दिलं होतं, तेच मशीनने खरं म्हणून पुढे केलं. बिचाऱ्याला त्यावर आणखी एक लेख लिहावा लागला.

एवढा वेळ लागतो तरी कशाला?

कांदा म्हणजे बहुतेक पाणी. पाऊण किलो कांद्यात साधारण ६५० ग्रॅम पाणीच असतं. हे पाणी कढईत आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, गॅस कितीही मोठा करा. आणि कांद्याला तो तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी प्रक्रिया, जिला मेयार प्रक्रिया म्हणतात, ती जोर धरते १४० अंशांच्या आसपास. तीत कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी जुळून शेकडो नवे स्वाद तयार होतात. पावाची खरपूस कड, भाजलेल्या कॉफीचा वास, खव्याचा रंग, सगळीकडे हीच प्रक्रिया असते. जोडीला साखरेचं स्वतःचं कॅरमल होणंही असतं, पण नाव त्याचं झालं तरी कांद्यातलं बरंचसं काम मेयारचंच.

म्हणजे आधी पाणी जायला हवं. पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. बासुंदी करणाऱ्या कुठल्याही बाईला हे आकडे न सांगताही माहीत असतं. दूध उकळायला फार वेळ लागत नाही, आटायला लागतो. आणि घाई करून आच वाढवली तर ते आटत नाही, खाली लागतं. कांद्याचंही तेच होतं, कारण तळाचा थर कोरडा होऊन जळतो आणि वरचा अजून पाण्यातच असतो.

गोडीचं गणित थोडं वेगळं आहे. झणझणीत कांद्यात साखर कमी असते असं वाटतं, पण तसं नाही. डोळ्यांतून पाणी काढणारी गंधकाची संयुगं ती गोडी झाकून टाकतात. कांदा चिरला की त्याच्या पेशी फुटतात, एन्झाइम मोकळी होतात आणि तिखटपणा तयार होतो. उष्णतेने ती एन्झाइम निकामी होतात, तिखट संयुगं उडून जातात किंवा बदलतात, आणि दडलेली साखर समोर येते. म्हणून परदेशी रेसिपीत 'स्वीट ओनियन' लिहिलेलं असलं तरी तो शोधत सुपरमार्केट पालथं घालायची गरज नाही. आपला तिखट कांदा या कामाला उलट छान.

फक्त कोणता ते पाहावं. दिवाळीनंतर बाजारात येणारा खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, म्हणूनच तो टिकतही नाही. मार्च ते मे दरम्यान निघणारा आणि नाशिक जिल्ह्यातल्या चाळींमध्ये महिनोन्महिने साठवला जाणारा उन्हाळी कांदा जास्त घट्ट. त्यात पाणी थोडं कमी, म्हणून तो लवकर आटतो आणि हाताशी जास्त उरतो. लाल कांदा घेतला तर दहाएक मिनिटं जास्त धरा.

नेपल्सची आजी क्रीम घालतच नाही

कांदा आणि पास्ता ही जोडी रील्सने जन्माला घातलेली नाही. दक्षिण इटलीतल्या नेपल्स शहरात 'ला जेनोव्हेजे' नावाचा पदार्थ आहे. नावाचा अर्थ जेनोआची, पण जेनोआत हा पदार्थ कुणी करत नाही. तिथला सॉस म्हणजे तुळशीच्या जातीतल्या बेसिलचा हिरवा पेस्तो. मग नेपल्समध्ये हे नाव कुठून आलं? बंदरावर जेनोआहून आलेल्या खलाशांनी किंवा स्वयंपाक्यांनी आणलं असं काही जण सांगतात, काही जण वेगळं सांगतात, आणि नेपल्सच्या लोकांचं यावर एकमत होईल अशी चिन्हं नाहीत.

पदार्थ मात्र ठरलेला आहे. मांसाचा एक मोठा तुकडा आणि त्याच्या बरोबरीने किंवा दुप्पट वजनाचा कांदा, थोडं गाजर, सेलरी, पांढरी वाइन, आणि चार-पाच तास अगदी बारीक आच. कांदा इतका विरघळतो की त्याचाच दाट, तपकिरी, मलईसारखा सॉस होतो. त्यात झिती नावाचा लांब पोकळ पास्ता हाताने तोडून घालतात. मांस परवडत नसेल किंवा नको असेल तेव्हा नुसत्या कांद्याची 'फिंता', म्हणजे खोटी जेनोव्हेजे करतात.

यातून घरच्या पास्त्यासाठी कामाची गोष्ट एवढीच, की 'क्रिमी'पणा बराचसा कांद्यातूनच येऊ शकतो. क्रीम हा वरचा हात आहे. इटलीत क्रीम चालतच नाही असं समाजमाध्यमांवर हिरिरीने सांगितलं जातं, तेही फारसं खरं नाही. १९८० च्या दशकात इटलीतच पास्त्यात क्रीम घालायची मोठी फॅशन होती. कार्बोनारात घालू नये, एवढ्यावर भांडण थांबवलेलं बरं.

आता प्रत्यक्ष करताना

तीन जणांसाठी पाव किलो पास्ता, पाऊण किलो कांदा (मध्यम आकाराचे सहा-सात), दोन चमचे बटर, एक चमचा तेल, १०० मिली क्रीम, चार लसूण पाकळ्या, मिरपूड आणि चीज. पास्त्याच्या पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. मैद्याचा पास्ता लवकर गिळगिळीत होतो.

कांदा पातळ आणि सारख्या जाडीचा चिरा. विळीवर चिरला तरी हरकत नाही, पण एक काप कागदासारखा आणि दुसरा बोटाएवढा असेल तर पातळ जळेल आणि जाड कच्चा राहील. भांडं जाड बुडाचं आणि पसरट घ्या. खोल पातेल्यात वाफ कोंडून राहते. नॉनस्टिक चालतं, पण त्यात तळाला तो तपकिरी थर धरत नाही, आणि अर्धी चव त्या थरात असते.

बटर-तेल तापलं की कांदा आणि अर्धा चमचा मीठ घाला, झाकण ठेवा, मध्यम-मंद आचेवर १५ मिनिटं. मिठाने पाणी सुटतं, कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. मग झाकण काढा. इथून पुढची ३० ते ४० मिनिटं खरी. सुरुवातीला तीन-चार मिनिटांनी एकदा हलवलं तरी पुरतं, दरम्यान भाजी निवडा, फोन पाहा. पाणी आटलं की तळाला तपकिरी थर धरू लागेल. तो दिसला की घाबरू नका, दोन चमचे पाणी शिंपडा आणि उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळा. पुन्हा धरू द्या, पुन्हा खरवडा. असं चार-पाच वेळा झालं की कांदा गडद मधासारखा होतो. ढीग एक-दीड वाटीवर येतो. शेवटच्या दोन मिनिटांत ठेचलेला लसूण घाला. आधी घातला तर तो जळून कडू होणार.

शॉर्टकट आहेत का? एक आहे आणि या पदार्थापुरता तो वाईट नाही. चिमूटभर खायचा सोडा. अल्कलीने मेयार प्रक्रियेला वेग येतो आणि रंग लवकर चढतो. पण कांद्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिनही सोड्याने मोडतं, त्यामुळे कांद्याचा लगदा होतो. बर्गरवर घालायचा असता तर हे वाईट, सॉसमध्ये लगदाच हवा आहे. पाऊण किलोला चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. साखर घालायचा सल्लाही सगळीकडे मिळतो. तिने रंग येतो, खोली येत नाही. कुकरमध्ये कांदा मऊ होतो पण पाणी तिथेच राहतं, म्हणजे आटवायचं काम तसंच उरतं.

पास्त्याचं पाणी कांदा होत आल्यावर ठेवा. लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ. तेल घालू नका, त्याने सॉस धरत नाही. पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी पास्ता काढा, आणि आता सगळ्यात मोठी खबरदारी. तो नळाखाली धुऊ नका! नूडल्ससाठीची ही सवय अनेक घरांत पास्त्यालाही लावली जाते आणि सॉसला चिकटवणारा स्टार्च मोरीत जातो. उकळलेलं गढूळ पाणी कपभर बाजूला ठेवा. त्यातला स्टार्च फॅट आणि पाणी वेगळं होऊ देत नाही. 'क्रिमी' दिसतं ते बरंचसं या पाण्यामुळे.

क्रीमचा मुद्दा जरा नाजूक आहे. परदेशी रेसिपीतल्या क्रीममध्ये ३५ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, ते उकळी सहन करतं. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के. ते मोठ्या आचेवर, आणि त्यातही लिंबू, टोमॅटो किंवा वाइन पडली असेल तर, फाटू शकतं. म्हणून गॅस बारीक करून क्रीम घाला, लगेच अर्धा कप पास्त्याचं पाणी, मग पास्ता. दोन मिनिटं हलवत राहा, दाट झालं की बंद. घरची साय वापरायची असेल तर ती थोड्या पास्त्याच्या पाण्याबरोबर मिक्सरमधून फिरवून घ्या, नाहीतर तिचे तुकडे दिसतात. दूध आणि मैद्याचा व्हाइट सॉस हा वेगळा पदार्थ आहे, त्यात पाऊण तासाचा कांदा हरवून जातो.

चीज गॅस बंद केल्यावरच. शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट आवर्जून. अस्सल पार्मिजानो रेज्जानो शाकाहारी नसतं, ते वासराच्या पोटातून मिळणाऱ्या रेनेटने बनवतात आणि तसंच बनवायचं असा नियम आहे. त्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्या. साधं प्रोसेस्ड चीजही इथे चांगलं काम करतं, कारण त्यात एकजीव वितळायला मदत करणारे क्षार असतात. नाक मुरडणारे मुरडोत.

मीठ शेवटी चाखून. बटर खारं, चीज खारं, पास्त्याचं पाणी खारं, आणि कांदा आटला तेव्हा त्याच्यातलं मीठही आटून दाट झालेलं. बहुतेक वेळा वरून लागतच नाही. गोडसर वाटलं तर भरपूर मिरपूड, किंवा ताटात वाढल्यावर लिंबाचे दोन थेंब.

पाऊण तास गॅसपाशी उभं राहायचंच आहे तर कांदा दुप्पट करावा, मात्र दोन भांड्यांत. एकाच भांड्यात दीड किलो घातला तर वेळही वाढतो. उरलेला फ्रिजमध्ये चार दिवस राहतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर महिनाभर. पुढच्या वेळी दोन-तीन क्यूब कढईत टाकले, की मग मात्र पास्ता खरोखर पंधरा मिनिटांत होतो.