जनावरांची क्ष-किरण व ध्वनिलहरी तपासणी : सहायकाचे काम आणि शिक्षण

औरंगपुऱ्यातील जिल्हा परिषदेत कामानिमित्त येणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपैकी बहुतेकांना जवळच खडकेश्वर येथे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, हे ठाऊक असते. मात्र तेथे कोणते जनावर न्यावे, कोणत्या तयारीने न्यावे आणि त्या ठिकाणी कोणकोणती माणसे कोणते काम करतात, याची माहिती फार थोड्यांना असते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मोठा भार त्यांनी वाहिला. ज्या दुखण्याचे निदान गावच्या दवाखान्यात हाताने व डोळ्याने होऊ शकत नाही, त्यासाठी सर्वचिकित्सालय असते. प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, पशुवैद्य नव्हे. यास्तव उपचारांविषयी येथे काही सांगावयाचे नाही. सांगावयाचे आहे ते तपासणीच्या वेळी जनावराजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी. यंत्र कितीही उत्तम असले, तरी हा माणूस जाणता नसेल तर त्यातून निघणारे चित्र कुचकामी ठरते.

प्रथम दोन तपासण्यांतील भेद ध्यानात घ्यावा, कारण ‘फोटो काढा’ एवढेच म्हणून अनेक पशुपालक मोकळे होतात. क्ष-किरणांचा शोध जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी १८९५ साली लावला. हे किरण मांसातून सहज पार होतात, परंतु हाड व धातू यांना अडतात. म्हणून मोडलेले हाड किंवा पोटातील तार त्यांच्या चित्रात स्पष्ट उमटते. ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे आपण जिला सोनोग्राफी म्हणतो ती, याच्या जवळजवळ उलट आहे. मनुष्याच्या कानास ऐकू न येणाऱ्या लहरी शरीरात सोडून त्यांच्या परतीच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होते. गर्भाशय, हृदय, यकृत, साठलेले पाणी वा पू हे तिच्यात दिसते. हाड किंवा वायू आड आला की मात्र पलीकडचे काही दिसत नाही. पहिल्या तपासणीत किरणांपासून अपाय संभवतो, दुसरीत तसा अपाय नाही.

मराठवाड्यात या दोन्ही तपासण्यांची गरज एकाच जनावरास भासावी, असा विकार म्हणजे तार किंवा खिळा गिळणे. गाय-बैल चारा नीट न चावता गिळतात व मग रवंथ करतात. कडब्यात, पेंढीत किंवा बांधकामाच्या जागी पडलेला तारेचा तुकडा चाऱ्याबरोबर जाऊन दुसऱ्या, जाळीदार पोटात अडकतो. हे पोट हृदयाच्या अगदी लगत असते. मध्ये केवळ एक पडदा. पोट आकुंचन पावताना तार पुढे सरकते, पडदा भेदते आणि हृदयाच्या आवरणात पू धरतो. जनावर पाठ कमानीसारखी वाकवते, कोपरे बाहेर काढून उभे राहते, उतारावरून चालण्यास नाखूश असते, उठता-बसता कण्हते आणि दूध एकाएकी आटते. पुढे मानेची शीर फुगते व गळ्याखाली सूज उतरते. गावात याला अपचन समजून आठ-आठ दिवस काढे पाजले जातात. तार कोठे आहे ते क्ष-किरण दाखवितात. हृदयाभोवती पू किंवा पाणी झाले आहे काय, हे सोनोग्राफी दाखविते. गळ्याखाली सूज उतरल्यावर आणलेल्या जनावराविषयी पशुवैद्यास फारसे काही करता येत नाही. पाठ वाकलेली असतानाच आणलेले जनावर पुष्कळदा वाचते. बैलजोडीपैकी एक बैल पेरणीच्या तोंडावर गेला म्हणजे काय होते, हे या भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको.

गाभणपणाच्या तपासणीत नुकसान हळूहळू होते, म्हणून ते डोळ्यांत भरत नाही. गाईचा माज साधारणतः २१ दिवसांनी येतो. रेतन केलेली गाय गाभण राहिली नाही व तिचा मुका माज लक्षात आला नाही, तर दर तीन आठवड्यांस एक संधी वाया जाते. हाताने तपासून खात्री देण्यास सामान्यतः दीड ते दोन महिने जावे लागतात. सोनोग्राफीने निष्णात पशुवैद्य सुमारे ३० दिवसांत सांगू शकतो. अर्थात आरंभीच्या काळात काही गर्भ आपोआप नष्ट होतात, म्हणून दोन महिन्यांनी फेरतपासणी करणे इष्ट असते. या साऱ्याचा पाया म्हणजे रेतनाची अचूक तारीख. ती लिहून ठेवलेली नसेल, तर पडद्यावरील चित्राचा अर्थ लावणे पशुवैद्यासही कठीण जाते.

आता सहायकाचे काम. खेड्यातील दवाखान्यात चित्र घेण्यासाठी वेगळा तंत्रज्ञ नसतो; पशुवैद्य, पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक व परिचर हेच मिळून ते काम पार पाडतात. बैलाचा पाय मोडला असे समजा. पायावर चिखल, हळद किंवा पाल्याचा लेप असेल तर त्याची सावली चित्रात उमटते आणि नसलेली भेग दिसू लागते. म्हणून पाय स्वच्छ व कोरडा करावा लागतो. एका बाजूने घेतलेले चित्र पुरत नाही. काटकोनात दोन चित्रे हवीत व दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा त्यांत आला पाहिजे. डावा पाय की उजवा, याची खूण चित्र घेतानाच उमटवावी लागते. जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक चित्रावर नोंदविला नाही, तर दोन तांबड्या बैलांची चित्रे एकमेकांत मिसळण्यास वेळ लागत नाही. उचलून नेता येण्याजोगे लहान यंत्र पायाच्या हाडांना पुरते; प्रौढ म्हशीच्या छातीतून किरण पार जाण्यास शक्तिमान यंत्र लागते, आणि ते गोठ्यात आणता येत नाही.

सर्वांत अवघड भाग जनावर स्थिर ठेवण्याचा. खोड्यात उभे करणे, मोरकी घालणे, दोराने बैल पाडणे, पाडण्यापूर्वी पशुवैद्याने सांगितला असेल तितका वेळ उपाशी ठेवणे, अंगाखाली कडब्याचा जाड थर पसरणे, ही कामे पुस्तकाने येत नाहीत. ज्याने लहानपणापासून बैल हाताळले, त्याला ती निम्मी आलेलीच असतात. शेतकऱ्याच्या मुलास या व्यवसायात शहरी मुलापेक्षा एक पाऊल पुढे ठेवणारी गोष्ट कोणती असेल, तर ही होय.

मात्र जनावरास धीटपणे धरण्याची हीच सवय क्ष-किरणांच्या खोलीत घातक ठरते. तेथे पट्टी किंवा पाय हाताने धरून उभे राहू नये. दोर, वाळूच्या पिशव्या किंवा पशुवैद्याने दिलेले गुंगीचे औषध यांवर काम भागवावे. अंतर दुप्पट केले म्हणजे किरणांची तीव्रता एकचतुर्थांश होते. दोन पावले मागे सरण्याइतका स्वस्त बचाव दुसरा नाही. शिशाचे वस्त्र विखुरलेले किरण अडविते, सरळ येणाऱ्या झोताचा पूर्ण बचाव करीत नाही. ते घडी घालून ठेवले तर आतून तडे जातात, म्हणून टांगून ठेवावे. या कामावरील प्रत्येकाने शिशाच्या वस्त्राखाली छातीवर मापक बिल्ला लावावा व तो दर तीन महिन्यांनी तपासणीस पाठवावा. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याने घालून दिलेली मर्यादा अशी की, अशा कामगारास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीस या कामावर नेमता येत नाही. जनावराबरोबर आलेल्या गरोदर स्त्रीस खोलीबाहेर थांबविणे, हेही सहायकाचेच काम. ‘एकदाच तर आहे’ असे पाहुणा म्हणू शकतो. रोज तेथे उभ्या राहणाऱ्यास ते म्हणता येत नाही.

शिक्षणाच्या वाटा दोन आहेत. पशुवैद्य व्हावयाचे असल्यास साडेपाच वर्षांची पदवी, त्यात अखेरचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. त्यानंतर शस्त्रक्रिया व क्ष-किरणशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईत परळ येथील महाविद्यालय १८८६ सालचे. मराठवाड्यात परभणी येथे १९७२ साली व उदगीर येथे १९८७ साली महाविद्यालये निघाली. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती त्याच्या कक्षेत आली. दुसरी वाट पदविकेची. तीतून पशुधन पर्यवेक्षक तयार होतात. तिच्या प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलत असल्यामुळे त्या त्या वर्षीची विद्यापीठाची माहितीपत्रिका पाहूनच अर्ज करावा. शहरात कुत्र्या-मांजरांच्या खाजगी दवाखान्यांतही हाताशी कुशल माणूस लागतो, आणि खेड्यातून गेलेली काही मुले तेथे स्थिरावतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. थोड्या दिवसांचे वर्ग चालवून ‘जनावरांचे डॉक्टर’ बनविण्याची जाहिरात कोणी करीत असेल, तर आईबापांनी पैसे भरण्यापूर्वी भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ काय म्हणतो ते विचारावे. नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणासही पशुवैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. त्या कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पदविकाधारकास शासनाच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. चित्र काढण्यास साहाय्य करणे निराळे आणि चित्र पाहून निदान सांगणे निराळे. त्याचप्रमाणे सोनोग्राफीचे यंत्र कोणी गावात आणण्याचा विचार करीत असेल, तर मनुष्याच्या गर्भाचे लिंग ओळखू शकणारे यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, हे विसरू नये. यंत्र जनावरांसाठी आहे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. खरेदीपूर्वी समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

जनावर सर्वचिकित्सालयाकडे पाठविताना कार्यकर्त्याने एक चिठ्ठी बरोबर द्यावी. तीत बिल्ल्याचा क्रमांक, वय, रेतनाची किंवा व्याल्याची तारीख, दुखणे केव्हापासून आहे आणि आजवर काय काय पाजले ते लिहावे; पाजलेले लपवू नये. मोडलेल्या पायास बांबूच्या कामट्या व कापूस लावून आधार द्यावा, मग गाडीत चढवावे. गाडीत खाली पेंढा असावा. जनावर हलविण्याजोगे नसेल तर १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मागणी करावी. जिल्हा परिषदांच्या स्थापनेचे सालही तेच असल्यामुळे हा क्रमांक लक्षात ठेवण्यास सोपा जातो.