रेससी ॲन

रेससी ॲन ही हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन (सीपीआर) शिकविण्यासाठी वापरली जाणारी मानवी आकाराची प्रशिक्षण-बाहुली आहे. नॉर्वेतील स्ताव्हांगर येथील खेळणी-उत्पादक ओस्मुंद लेर्दाल यांनी ती १९६० मध्ये प्रचारात आणली. प्रत्यक्ष प्रसंगाचा आभास निर्माण करून कौशल्य शिकविण्याच्या पद्धतीस सदृशीकरण (सिम्युलेशन) म्हणतात. ही पद्धत वैद्यकीय व्यावसायिकांबरोबरच सामान्य नागरिकांपर्यंत नेण्यात या बाहुलीचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

हृदय अचानक बंद पडल्यास मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. अशा वेळी जवळ असतात ते बहुधा घरचे लोक, सहकारी किंवा वाटसरू, डॉक्टर नव्हे. त्यामुळे हे कौशल्य सर्वांना अवगत असणे आवश्यक ठरते. मात्र हृदय चालू असलेल्या माणसाच्या छातीवर पूर्ण जोराने दाब देण्याचा सराव करणे धोक्याचे असते. ही अडचण बाहुलीमुळे दूर झाली.

इतिहास

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटर साफार आणि जेम्स ईलम यांनी तोंडाने दिलेल्या श्वासाची परिणामकारकता सिद्ध केली. नॉर्वेतील भूलतज्ज्ञ बियॉर्न लिंड यांच्यामार्फत ही पद्धती लेर्दाल यांना समजली. लेर्दाल यांनी त्यापूर्वी स्वतःच्या लहान मुलाला बुडताना वाचविले होते. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनविण्याचा त्यांचा अनुभव येथे उपयोगी पडला. १९६० मध्येच अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छातीवर बाहेरून दाब देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर साफार यांच्या सूचनेवरून बाहुलीच्या छातीत स्प्रिंग बसविण्यात आली.

चेहरा

बाहुलीचा चेहरा ‘सेन नदीची अनामिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुखवट्यावरून घेतला आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या मृत चेहऱ्यावरून तो साचा घेतला, अशी आख्यायिका आहे. तिच्या सत्यतेबद्दल मतभेद आहेत. पुरुषाकृती बाहुलीला तोंडाने श्वास देण्यास पुरुष प्रशिक्षणार्थी संकोचतील, असे वाटल्याने लेर्दाल यांनी स्त्रीचा चेहरा निवडला.

प्रशिक्षणातील उपयोग

बाहुलीवर प्रतिसाद तपासणे, मदत बोलावणे (महाराष्ट्रात १०८ क्रमांक), छातीवर दाब देणे आणि श्वास देणे हा क्रम शिकविला जातो. प्रौढ व्यक्तीसाठी दाबाची गती मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर असावी लागते. प्रत्येक ३० दाबांनंतर २ श्वास देतात. वाचून हा क्रम पाठ होतो. पण दाबाचा जोर हाताला सरावानेच कळतो. नव्या बाहुल्या दाबाची खोली व गती मोजून दाखवितात, त्यामुळे चूक तत्काळ सुधारता येते.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या सक्षमताधिष्ठित एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळेतील सरावास स्थान देण्यात आले. सामान्य नागरिकांसाठी भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने केवळ छातीदाबावर आधारित सोपी पद्धतीही पुरस्कृत केली आहे.

मर्यादा

बाहुलीवर मिळविलेले कौशल्य उजळणीअभावी काही महिन्यांतच क्षीण होते. चेहरा स्त्रीचा असला तरी बहुतेक प्रशिक्षण-बाहुल्यांची छाती सपाट असते. सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडलेल्या स्त्रियांना उपस्थितांकडून सीपीआर मिळण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. स्पर्शाचा संकोच हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यामुळे स्त्रीदेहाच्या बाहुल्यांवरही सराव व्हावा, असा आग्रह धरला जातो.