प्रतिकारशक्तिवर्धक औषधे आणि यकृत

बोरिवलीच्या वनात झाडांवर चढणारी गुळवेल अपाय करील, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि 2020 च्या कोविड साथीत ती घेणाऱ्या मुंबईतील सहा रुग्णांना यकृतदाह झाल्याचे येथील तज्ज्ञांनी 2021 मध्ये नोंदविले. घेतलेली वनस्पती गुळवेलच होती काय, हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप विचारार्ह होय. परंतु काहींच्या यकृतात आत्मप्रतिकारक विकाराच्या खुणा आढळल्या. स्वतःच्याच पेशींवर उलटण्याची प्रवृत्ती ज्याच्या देहात सुप्त असते, त्याची प्रतिकारशक्ती चेतविणे म्हणजे निजलेला विंचू डिवचणेच. म्हणून असे विकार असणाऱ्यांनी ही औषधे वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. डोळे पिवळे दिसताच ती थांबवून चिकित्सकास तसे सांगावे. रुग्ण हे बहुधा सांगत नाही. काढ्याला तो औषध मानीतच नाही.