हरणाच्या शिकारीसाठी लघु-कॅलिबर रायफलींची योग्यायोग्यता : एक चिकित्सक विवेचन

प्रास्ताविक

अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन या देशांत हरणांची शिकार कायद्याच्या चौकटीत, परवाना घेऊन आणि ठरावीक हंगामात केली जाते. तेथील शिकारी व वन्यजीव व्यवस्थापक यांच्यामध्ये एक वाद अनेक दशके चालू आहे. ०.२२ इंचाच्या आसपास व्यास असलेली गोळी झाडणारी रायफल हरणासारख्या मध्यम आकाराच्या प्राण्यासाठी योग्य आहे काय, हा तो वाद होय. वरवर पाहता हा प्रश्न केवळ शस्त्रांच्या हौशी जाणकारांचा वाटतो. तथापि त्यात पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र, विधी आणि नीती अशा चार विद्याशाखांचे धागे एकत्र आलेले आहेत. म्हणूनच बहुविद्याशाखीय दृष्टीने त्याचा परामर्श घेणे उचित ठरेल.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस मनाई आहे. त्यामुळे प्रस्तुत विवेचन जेथे ही शिकार कायदेशीर आहे त्या प्रदेशांपुरतेच मर्यादित आहे. कोणत्याही साधनाची योग्यता कशी ठरवावी, ते साधन कुशल माणसाच्या हाती काय करू शकते यावरून की सामान्य माणसाच्या हातून चूक झाली असता काय घडते यावरून, हा या लेखामागील मूळ प्रश्न आहे.

कॅलिबर म्हणजे काय?

रायफलीच्या नळीचा आतील व्यास, आणि व्यवहारात त्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास, याला कॅलिबर असे म्हणतात. तो इंचाच्या अंशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगितला जातो. केवळ व्यासावरून शस्त्राची शक्ती समजते, हा मात्र एक रूढ गैरसमज आहे. १८८७ साली प्रचारात आलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस आणि १९६४ साली व्यापारी स्वरूपात बाजारात आलेले .२२३ रेमिंग्टन हे काडतूस यांच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. परंतु पहिल्यात स्फोटक मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत असते व दारू थोडी असते. दुसऱ्यात बुडाच्या मध्यभागी स्वतंत्र टोपी असते आणि दारू कितीतरी अधिक मावते. पहिल्या प्रकारास रिमफायर व दुसऱ्यास सेंटरफायर अशी नावे आहेत.

वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे अर्धे म्हणजे गतिज ऊर्जा, हे सूत्र सर्वपरिचित आहे. त्यानुसार काही प्रचलित काडतुसांची तुलना पुढीलप्रमाणे करता येते. (आकडे स्थूलमानाने दिले असून ते गोळीचा प्रकार व नळीची लांबी यांनुसार बदलतात.)

तक्ता क्र. १ : गोळीचे वजन, वेग व ऊर्जा

.२२ लाँग रायफल : गोळी २.६ ग्रॅम, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला ३७५ मीटर, ऊर्जा १८५ जूल, ९१ मीटरवर १२५ जूल.
.२२३ रेमिंग्टन : गोळी ३.६ ग्रॅम, वेग ९८८ मीटर, ऊर्जा १,७४० जूल, ९१ मीटरवर १,२५० जूल, १८३ मीटरवर ८८० जूल.
.२४३ विंचेस्टर : गोळी ६.५ ग्रॅम, वेग ९०२ मीटर, ऊर्जा २,६४० जूल, ९१ मीटरवर २,१९० जूल, १८३ मीटरवर १,८०५ जूल.
.३०-०६ स्प्रिंगफील्ड : गोळी ९.७ ग्रॅम, वेग ८८७ मीटर, ऊर्जा ३,८२० जूल, ९१ मीटरवर ३,०९० जूल, १८३ मीटरवर २,४८० जूल.

या तक्त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, समान व्यासाच्या दोन गोळ्यांच्या ऊर्जेत नऊपटींहून अधिक अंतर असू शकते. दुसरी अशी की, हलकी गोळी आपला वेग लवकर गमावते. .२२३ ची गोळी १८३ मीटरपर्यंत जाताना आपली जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावते; .२४३ ची गोळी मात्र तेवढ्याच अंतरात सुमारे एक तृतीयांशच गमावते.

गोळीने प्राणी कसा मरतो?

ऊर्जेचा आकडा कितीही मोठा असला तरी तो स्वतः प्राण्याला मारीत नाही. हरणाच्या बाबतीत शिकारी सामान्यतः छातीतील हृदय व फुप्फुसे यांचा भाग लक्ष्य करतो. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या प्रौढ हरणात हा भाग बाजूने पाहिला असता सुमारे २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. तेथे गोळी लागली की मोठ्या प्रमाणात रक्तस्राव होतो, मेंदूचा प्राणवायू-पुरवठा खंडित होतो आणि काही सेकंदांत प्राणी कोसळतो. तेवढ्या अवधीतही तो पन्नास ते शंभर मीटर धावू शकतो.

अमेरिकी सैन्याच्या लेटरमन संशोधन संस्थेत डॉ. मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात जिलेटिनच्या ठोकळ्यांवर प्रयोग करून गोळीच्या जखमेचे दोन घटक वेगळे करून दाखविले. गोळीच्या वाटेत ज्या ऊती प्रत्यक्ष चिरडल्या जातात त्यांची स्थायी पोकळी, हा पहिला घटक. गोळी पुढे सरकताना भोवतालच्या ऊती क्षणभर बाजूला ताणल्या जातात ती तात्पुरती पोकळी, हा दुसरा. फुप्फुसासारखे लवचिक अवयव असा ताण बऱ्याच अंशी सहन करतात. यकृतासारखे कमी लवचिक अवयव मात्र फाटतात. गोळीचे तुकडे झाल्यास त्यांनी छिद्रित केलेल्या ऊती या ताणाने अधिक फाटतात. म्हणजेच गोळी किती खोल जाते, किती प्रसरण पावते आणि तिचे तुकडे होतात की नाही, यांवर परिणाम अवलंबून असतो.

येथेच लघु-कॅलिबर रायफलींची खरी अडचण दिसून येते. .२२३ साठी मिळणाऱ्या अनेक गोळ्या ससे, खारी यांसारख्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी बनविलेल्या असतात. त्यांचे आवरण पातळ असते आणि त्या लागताक्षणी फुटतात. अशी गोळी हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागली तर ती वरचेवर फुटते व छातीपर्यंत पोहोचतच नाही. प्राणी मोठी पण उथळ जखम घेऊन पळून जातो. याउलट संपूर्ण धातूचे आवरण असलेली सैनिकी धर्तीची गोळी न प्रसरता अरुंद छिद्र पाडून आरपार जाऊ शकते. हरणासाठी योग्य गोळी या दोन टोकांच्या मध्ये असावी लागते. ती प्रसरण पावली पाहिजे, पण अखंड राहून खोलवरही गेली पाहिजे. गाभा व आवरण जोडलेल्या किंवा पूर्णतः तांब्याच्या गोळ्यांमुळे .२२ व्यासातही हे आता पुष्कळ अंशी साधते. मात्र अशा लांब गोळ्या स्थिर राहण्यासाठी नळीतील सर्पिल खाचांचा पीळ अधिक घट्ट लागतो. बारा इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या नळीतून त्या नीट जात नाहीत. त्यांना सात ते नऊ इंचांत एक फेरा असा पीळ हवा असतो.

समर्थकांची बाजू

लघु-कॅलिबरच्या समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. मोठ्या काडतुसाचा धक्का खांद्याला जोराने बसतो. त्या भीतीने शिकारी घोडा ओढताना डोळे मिटतो, अंग आखडतो आणि नेम चुकतो. सामान्य वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का सुमारे २७ जूल, .२४३ चा सुमारे १२ जूल, तर .२२३ चा अवघा ५ जूलच्या आसपास असतो. शिकाऊ किंवा किरकोळ शरीरयष्टीच्या माणसाने हलक्या रायफलीने अचूक ठिकाणी मारलेली गोळी ही जड रायफलीने पोटात मारलेल्या गोळीपेक्षा निश्चितच श्रेयस्कर होय. अमेरिकेत .२२३ च्या रायफली घरोघरी असल्यामुळे या युक्तिवादाला व्यावहारिक वजनही प्राप्त झाले आहे.

या संदर्भात वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे उदाहरण वारंवार दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याने आफ्रिकेत एक हजारांहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बरेचसे अवघ्या ७ मिलिमीटर व्यासाच्या रायफलीने मारले. परंतु हे उदाहरण काळजीपूर्वक तपासले पाहिजे. बेलची गोळी व्यासाने लहान असली तरी लांब, जड आणि न फुटणारी होती. त्यामुळे ती खोलवर जात असे. शिवाय हत्तीच्या कवटीचे छेद घेऊन त्याने मेंदूचे नेमके स्थान अभ्यासिले होते. या उदाहरणावरून लहान व्यास पुरेसा असतो असे सिद्ध होत नाही. असाधारण कौशल्य साधनाची उणीव भरून काढू शकते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. असाधारण कौशल्याच्या आधारे सर्वसामान्यांसाठी नियम करता येत नाही.

कायद्याचा दृष्टिकोन

निरनिराळ्या विधिमंडळांनी हा प्रश्न कसा सोडविला ते पाहणे उद्बोधक आहे. इंग्लंड व वेल्समधील १९९१ च्या हरीण अधिनियमानुसार हरणासाठी ०.२४० इंचांपेक्षा कमी कॅलिबरची किंवा २,३०५ जूलपेक्षा कमी ऊर्जेची रायफल वापरता येत नाही आणि गोळी प्रसरणशील असावी लागते. २००७ साली मात्र या नियमात एक अपवाद करण्यात आला. मंटजॅक (आपल्याकडील भेकराचा जातभाई) आणि चिनी जलहरीण या लहान प्राण्यांसाठी ०.२२० इंच कॅलिबर, १,३५६ जूल ऊर्जा आणि किमान ३.२४ ग्रॅमची गोळी पुरेशी मानण्यात आली. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने रो जातीच्या लहान हरणासाठी ५० ग्रेन, म्हणजे ३.२४ ग्रॅम, वजनाची गोळी मान्य केली. इतर हरणांसाठी १०० ग्रेनची अट घातली. शिसे विषारी असल्याने तांब्याच्या गोळ्यांना उत्तेजन देण्याची गरज पुढे निर्माण झाली. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी असल्यामुळे त्याच आकाराची गोळी वजनाने हलकी होते. हे लक्षात घेऊन २०२३ साली १०० ग्रेनची मर्यादा ८० ग्रेनवर आणण्यात आली. बदलत्या द्रव्यविज्ञानानुसार कायदा कसा बदलतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो आणि नियमांत मोठी तफावत आढळते. कोलोरॅडोत किमान ०.२४ इंच कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेनची प्रसरणशील गोळी आणि ९१ मीटरवर १,००० फूट-पाउंड, म्हणजे १,३५६ जूल, ऊर्जा आवश्यक आहे. तक्ता क्र. १ मधील .२२३ ची गोळी या तिन्ही कसोट्यांवर अपुरी पडते. व्हर्जिनियात ०.२३ इंचांची किमान मर्यादा आहे. टेक्सासमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी रिमफायर काडतुसांना मनाई आहे; .२२३ सारखी सेंटरफायर काडतुसे मात्र चालतात.

या सर्व नियमांतून एक समान सूत्र हाती येते. .२२ रिमफायर हरणासाठी अयोग्य आहे, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो सेंटरफायर .२२ विषयी, आणि तोही बहुतांशी हरणाच्या आकाराशी निगडित आहे. रो हरणाचे वजन साधारणतः २० ते ३० किलो असते, तर स्कॉटलंडमधील तांबड्या हरणाच्या नराचे शंभर किलोंहूनही अधिक भरते. दोघांनाही एकच नियम लावणे शास्त्रसंमत नाही.

चुकीला वाव

कोणतीही रायफल अचूक नेम असता पुरेशी ठरते. प्रश्न उद्भवतो तो नेम थोडा ढळला असता. वाऱ्याची झुळूक, शिकाऱ्याची धाप, हरणाने ऐनवेळी टाकलेले पाऊल यांमुळे गोळी काही सेंटिमीटर सरकते. जड गोळी खांद्याचे हाड फोडून किंवा तिरप्या कोनातूनही छातीपर्यंत पोहोचते. हलक्या गोळीला हे बहुधा जमत नाही. हरीण पूर्णपणे आडवे व स्थिर उभे असेल, अंतर थोडे असेल, तरच ती विश्वासार्ह ठरते. शिवाय लहान गोळी पुष्कळदा शरीरातच अडकते. पलीकडून बाहेर पडणारी जखम नसल्यामुळे रक्ताचा माग कमी सांडतो. दाट झाडीत किंवा संधिप्रकाशात असे जखमी हरीण सापडत नाही. ते कित्येक तास, कधी कित्येक दिवस, यातना भोगून कोणाच्याही नकळत मरते. मांसही वाया जाते. आपला नेम अचूक बसला नाही, हे शिकाऱ्याला कळतसुद्धा नाही. या न दिसणाऱ्या मरणाचा हिशेब कोणत्याही यशोगाथेत येत नाही आणि म्हणूनच अनुभवाच्या आधारे दिलेले निर्वाळे बहुधा एकांगी असतात.

समारोप

वरील विवेचनातून असा निष्कर्ष निघतो की, लघु-कॅलिबर रायफल योग्य की अयोग्य, हा प्रश्न नुसत्या व्यासाच्या आधारे सोडविता येत नाही. .२२ रिमफायर हरणासाठी सर्वथा त्याज्य आहे. सेंटरफायर .२२ हे हरीण लहान, अंतर थोडे, गोळी योग्य बांधणीची आणि शिकारी संयमी असेल तेव्हाच स्वीकारार्ह ठरते. मोठ्या हरणांसाठी .२४३ किंवा त्याहून अधिक क्षमतेचे काडतूस हीच विवेकाची मर्यादा होय. ज्याला मोठ्या धक्क्याची भीती वाटते त्याच्यासाठीही .२४३ हा मधला मार्ग उपलब्ध आहे, त्याचा धक्का.३०-०६ च्या निम्म्याहून कमी असतो.

कायदा सर्वोत्तम नेमबाजाच्या सर्वोत्तम क्षणासाठी केलेला नसतो. तो सामान्य माणसाच्या दुबळ्या क्षणासाठी केलेला असतो. शिकारीत त्या दुबळ्या क्षणाची किंमत शिकारी मोजीत नाही, प्राणी मोजतो. म्हणून साधन निवडताना आपल्याला किती अचूक मारता येते हे पाहणे पुरेसे नाही. आपली चूक झाली तर त्या जिवाचे काय होईल, हे आधी पाहिले पाहिजे. ही कसोटी रायफलीपुरतीच नव्हे, तर दुसऱ्याच्या जिवाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक साधनाला लागू पडते.