गोळी, भूक आणि वजनकाटा

वाढलेल्या पहिल्या दोन-तीन किलोंचं घरात स्वागतच होतं. महिनोन्‌महिने ज्याचा डोळ्याला डोळा लागला नाही, जो ताटावरून उठून जायचा, भाजीत काहीतरी कालवलंय असा ज्याचा संशय होता, तो मुलगा आता आईसमोर बसून पोटभर जेवतो. शेजारी म्हणतात, तब्येत सुधारली हो. मामा म्हणतो, औषध अंगाला लागलं. स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यातून वर येणाऱ्या माणसाच्या घरात त्या रिकाम्या झालेल्या ताटाकडे बघून बरं वाटणारच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मात्र सूर बदलतो. पँटचं बटण लागत नाही. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं वाजल्याचा आवाज येतो. सकाळी शेवेचा डबा तळाला गेलेला असतो, रात्री उरलेल्या दोन पोळ्याही गायब असतात. मग तेच घर म्हणायला लागतं, ‘अरे, जिभेला जरा आवर घाल. दिवसभर लोळतोस, वजन वाढणार नाही तर काय?’

हे बोलणं मायेपोटीच येतं, पण ते चुकीच्या माणसाला सुनावलं जातं. ती भूक गोळीनं लावलेली असते, आणि ती कशी लागते हे विज्ञानाला आज बऱ्यापैकी ठाऊक आहे.

पोट भरलं की नाही, याचा निवाडा पोटात होत नाही. तो मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात होतो. भास आणि भ्रम आटोक्यात आणणारी ओलांझापिन किंवा क्लोझापिनसारखी औषधं मुख्यतः डोपामिनच्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या रिसेप्टरवर, काम करतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ती हिस्टामिनच्या ‘एच-१’ ग्राहीलाही घट्ट धरून बसतात आणि सेरोटोनिनच्या ‘टू-सी’ ग्राहीलाही. जुन्या पद्धतीच्या सर्दीच्या गोळीनं गुंगी येते ती या एच-१ मुळेच. टू-सी ग्राहीचं काम तृप्तीचा निरोप पोहोचवण्याचं. हा ग्राही नसलेले उंदीर जास्त खातात आणि लठ्ठ होतात, हे १९९५ सालीच दिसून आलं होतं. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या गटानं उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये आणखी आत डोकावून पाहिलं. पेशीत ऊर्जा कमी पडतेय, असं जाहीर करणारं ‘एएमपीके’ नावाचं एक विकर असतं. क्लोझापिन दिल्यावर ते जागं होतं. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक या विकराला शांत करतं, हे औषध नेमकं उलट करतं. मुळात एच-१ ग्राहीच नसलेल्या उंदरांमध्ये मात्र क्लोझापिनचा हा परिणाम झाला नाही.

म्हणजे पोटात तीन पोळ्या गेलेल्या असतात आणि मेंदूत उपासमारीचा निरोप फिरत असतो. अशा वेळी ‘मनावर घे’ म्हणण्याला काय अर्थ राहतो?

बरं, प्रश्न नुसत्या खाण्याचाही नाही. २०१३ मध्ये ‘डायबिटीस’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुठलाही मानसिक आजार नसलेल्या निरोगी माणसांना रुग्णालयात ठेवून त्यांना नऊ दिवस ओलांझापिन दिलं गेलं. वजन वाढायच्या आतच त्यांचं शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं, आणि जेवणानंतर शरीराला नेहमीपेक्षा जास्त इन्शुलिन सोडावं लागू लागलं. आजार नाही, आळस नाही, वाढलेलं वजनही नाही. फक्त गोळी आणि नऊ दिवस.

सगळी औषधं मात्र सारखी नसतात, आणि ही गोष्ट रुग्णांच्या घरी पुरेशी पोहोचलेली नाही. १९९९ मध्ये डेव्हिड ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून दहा आठवड्यांत किती वजन वाढतं याचा हिशेब मांडला. क्लोझापिननं सुमारे साडेचार किलो, ओलांझापिननं चार किलोंच्या थोडं वर, रिस्पेरिडोननं दोन किलो, आणि झिप्रासिडोननं जवळजवळ शून्य. ॲरिपिप्राझोल आणि ल्युरासिडोन ही त्या मानानं सौम्य बाजूला येतात. लहान मुलांमध्ये तर हा परिणाम फारच जोरात दिसतो. २००९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्यांदाच ही औषधं घेणाऱ्या मुलांचं वजन ओलांझापिनवर सुमारे अकरा आठवड्यांत सरासरी साडेआठ किलोंनी वाढलं. बायपोलर आजारासाठी दिलं जाणारं लिथियम आणि व्हॅल्प्रोएट, नैराश्यासाठीचं मिर्टाझापिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन यांनीही वजन वाढतं. फ्लुओक्सेटिननं ते सहसा वाढत नाही.

मग सरसकट कमी वजन वाढवणारी गोळीच का देत नाहीत? कारण मन सावरण्याच्या कामात ही औषधं एकमेकांच्या जागी अगदी चपखल बसत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत ओलांझापिन घेणाऱ्यांचं वजन महिन्याला सरासरी जवळजवळ एक किलोनं वाढत गेलं. त्याच चाचणीत औषध मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत कमी होतं तेही ओलांझापिनवरच. आणि इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिनच्या तोडीचं दुसरं औषध आजही नाही. आरसा बघून एका रात्रीत गोळ्या बंद करणारे तरुण-तरुणी मला म्हणूनच समजतात, आणि त्यांची काळजीही वाटते. आजार उलटतो तेव्हा झोप, नोकरी, शिक्षण, नाती, सगळंच पुन्हा पणाला लागतं. फिनलंडमध्ये ६६ हजारांहून अधिक स्किझोफ्रेनियाग्रस्तांच्या नोंदी अकरा वर्षांच्या कालावधीसाठी तपासल्या गेल्या. त्यात दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं, आणि सर्वांत कमी होतं ते क्लोझापिनवर. तरीही गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाचं आयुष्य इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षांनी कमी भरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात हृदयविकार आणि मधुमेह यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे गोळीही हवी आणि वजनावर इलाजही हवा.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी अशी लपून बसते, आणि बसते ती बहुधा पोटात. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ लाच जास्त वजनाची रेषा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका मानतात. सडसडीत पोराचं वजन चार किलोंनी वाढलं आणि तो आता ‘भरल्यासारखा’ दिसतोय, तेव्हाच त्याची साखर तपासायला हवी.

वजन कमी होतं का? होतं. याचा मला सर्वांत आश्वासक वाटणारा पुरावा ‘अचीव्ह’ या चाचणीचा आहे. वजन घटवण्याच्या बहुतेक अभ्यासांतून गंभीर मानसिक आजार असलेल्यांना सरळ वगळलं जात असे. यांना जमणार नाही, हे आधीच गृहीत धरलेलं. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गेल डॉमिट यांच्या गटानं २९१ जणांना घेऊन अठरा महिने हे करून पाहिलं, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना जिममध्ये पाठवलं नाही. ही माणसं जिथे एरवीही येत होती त्या पुनर्वसन केंद्रांतच सगळ्यांनी मिळून करायचा व्यायाम ठेवला, सुरुवातीला अगदी हलका. आजारामुळे लक्ष आणि स्मरण कमी पडतं हे धरून सांगायच्या गोष्टी थोड्या ठेवल्या आणि त्याच पुन्हापुन्हा सांगितल्या: गोड पेयं नकोत, चरबट-तळकट नको, भाज्या-फळं वाढवा, वाढून घेताना कमी घ्या. कॅलरींच्या वह्या भरायला लावल्या नाहीत. अठरा महिन्यांनी नेहमीचेच उपचार चालू असलेल्या गटाच्या तुलनेत सरासरी ३.२ किलो जास्त वजन उतरलं होतं.

तीन किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण सर्वसाधारण लोकांच्या अशा कार्यक्रमांत सहा महिन्यांच्या आसपास वजन तळ गाठतं आणि मग परत चढू लागतं. इथे ते वर्षानंतरही उतरत राहिलं. ही माणसं उशिरा रुळली, पण टिकली.

आपल्या घरात यातलं पहिलं कलम, गोड पेयांचं, चहापासून सुरू होतं. या औषधांनी अनेकांच्या तोंडाला कोरड पडते, लिथियमनं तर तहानच वाढते, आणि तहान भागवायला हाताशी असतो चहा, नाहीतर फ्रीजमधली शीतपेयाची बाटली. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हटले तर जवळजवळ पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, आणि पोटाला आधार काडीचाही नाही. रात्रीच्या त्या डब्यांचंही तसंच. शेव-बिस्किटं समोरून हलवून तिथे काकडी, ताक, भाजलेले फुटाणे ठेवणं हे काम शुभंकराचं, म्हणजे काळजी घेणाऱ्याचं आहे. गोळीची गुंगी आणि भूक दोन्ही अंगावर असताना डब्याशी झगडायचं काम एकट्या शुभार्थीवर, म्हणजे रुग्णावर, टाकू नये. आणि पथ्याचं जेवण त्याच्या एकट्यापुरतं वेगळं शिजवू नका. अख्ख्या घराचा चहा कमी गोड झाला, तर ताटावर कुणा एकाकडे बोट दाखवलं जात नाही.

एवढ्यानं भागलं नाही, तर औषधाची मदत घ्यावी, त्यात कमीपणा कसला? चीनमधल्या चांगशा इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये १२८ तरुण रुग्णांवर मधुमेहासाठीचं जुनं, स्वस्त मेटफॉर्मिन वापरून पाहिलं. बारा आठवड्यांत आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिन एकत्र मिळालेल्यांचं वजन सर्वांत जास्त उतरलं, आणि नुसत्या मेटफॉर्मिनचा परिणाम नुसत्या आहार-व्यायामापेक्षा सरस ठरला. डेन्मार्कमध्ये २०१७ साली क्लोझापिन किंवा ओलांझापिन घेणाऱ्यांना लिराग्लुटाइडचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तेव्हा सोळा आठवड्यांत पाच किलोंहून जास्त फरक पडला, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे अनेक जण मागे फिरले. २०२४ च्या एका मार्गदर्शक सूचनावलीनं तर क्लोझापिन-ओलांझापिन सुरू करतानाच सोबत मेटफॉर्मिन द्यावं अशी शिफारस केली आहे. वजन वाढून बसल्यावर ते उतरवणं फार जड जातं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर शाकाहारी माणसानं बी-१२ तपासून घ्यावं.

लिथियम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. वजन घटवण्यासाठी कडक उपास, निर्जळी, एकदम मीठ तोडणं, घाम गाळण्याचा अतिरेक, यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता करू नका. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, रक्तातली त्याची पातळी चढते आणि ते विषारी होऊ शकतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. तेव्हा तातडीनं रुग्णालय गाठावं.

आता वजनकाट्याचं. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्ये एकत्र येऊन वेळापत्रक घालून दिलं: औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी, वजन पुन्हा चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, नंतर दर तीन महिन्यांनी, साखर बाराव्या आठवड्याला आणि मग दरवर्षी. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे तीन किलो, हा औषधाचा फेरविचार करण्याचा टप्पा. गर्दीच्या ओपीडीत झोप कशी आहे, आवाज ऐकू येतात का, एवढं विचारेपर्यंत पुढचा नंबर पुकारला जातो आणि काटा राहून जातो. म्हणून घरी, दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी, वजन फाइलच्या मागच्या पानावर लिहावं आणि ते पान आपणच डॉक्टरांसमोर उघडावं. ‘गोळी सुरू झाली तेव्हा एवढं होतं, आता एवढं आहे, रात्री भूक आवरत नाही’ असं स्पष्ट सांगावं. यावर डोस कमी करणं, मेटफॉर्मिन जोडणं, किंवा हळूहळू दुसऱ्या औषधावर नेणं असे रस्ते डॉक्टरांकडे असतात. औषध बदलायचं ठरलं तर जुनं उतरवत नवं चढवत नेण्यात काही आठवडे जातात. त्या दिवसांत घरच्यांनी झोपेकडे बारीक लक्ष ठेवावं. झोप उडाली, संशय परत डोकावू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.